शर्यतीच्या भीतीवर आध्यात्मिक गुरूचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ८०० मीटर पळते, प्रॅक्टिसला टायमिंग मस्त येतं पण स्पर्धेला पोटात गोळा येतो, तर एखादा आध्यात्मिक गुरू बघावा का. मीपण ठाण्यातच ८०० पळायचे म्हणून लिहितेय.

गुरू शोधायला मी कुठे गेले नव्हते. मला भेटले ते आमच्या ग्राऊंडवर फक्कीने (पांढऱ्या पावडरीने) ट्रॅकच्या रेषा आखणारे काका. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात तंबाखू (हो, माळकरी असून), आणि अगदी शाळेतल्या पोरांनापण माउली म्हणायचे, पोरं मागून हसायची.

८०० ला पहिला राऊंड कसाही निघतो, खरी वाट लागते पाचशेच्या पुढे, पाय भरून येतात आणि डोकं म्हणतं सोड आता. मी तिथेच ढेपाळायचे, कोच बाहेरून ओरडतायत पण त्याने काय होतंय. काका एकदा रेषा आखता आखता म्हणाले, "दिवे घाट चढताना पंढरपूर किती लांब ते आम्ही बघतच नाय माउली, पुढच्याच्या टाचा बघायच्या आन् टाळावर पाऊल टाकायचं." आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर ऐकलं. मग उपवनवरून येऊरचा चढ मारताना करून बघितलं, रामकृष्णहरी, सहा अक्षरं सहा पावलं, तीनला श्वास आत तीनला बाहेर. रेसमध्ये एवढा लांब श्वास पुरत नाही, तिथे नुसता ठेका धरायचा. मी देवभोळी नव्हते, अजूनही नाही, पण डोक्यातली बडबड थांबायची हे खरं.

एका स्पर्धेत चौथी आले, मेडल हुकलं. काकांच्या पाया पडायला वाकले तर तेच माझ्या पाया पडले, वारीत तसंच असतं म्हणे, लहानमोठं बघत नाहीत. नंबर कितवा ते विचारलंसुद्धा नाही, पायाला फक्की लागलीय धुऊन घे म्हणाले. एवढं हलकं मला कोणाच्या समजावण्याने वाटलं नव्हतं.

त्यामुळे पैसे देऊन गुरू वगैरे नको, तिला आसपास कोणाशी बोलून बरं वाटतं तेवढं बघा, तो माणूस ग्राऊंडवरचा वॉचमनपण असू शकतो. उलट्या होत असतील, झोप उडाली असेल तर मात्र सरळ स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट गाठा, ते जपाने जाईल असं मी सांगणार नाही. आणि कोणी महाराज रेसच्या दिवशी कडक उपास धरायला सांगत असतील तर तिला घेऊन तिथून उठा, उपाशीपोटी ८०० निघत नाही.