बिलावर १/२\" का छापलं जातंय

तुमची अडचण मला समजली ती अशी. काकांच्या सियागंजातल्या सॅनिटरीच्या दुकानाचा माल प्रोग्राममध्ये चढवताना १/२" एल्बो (पाइपचा कोपरा) आला की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, तुटायची, म्हणून तुम्ही प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आणि बॅकस्लॅशआधी बॅकस्लॅश (\) लावणारं फंक्शन लिहिलंत. पुढे क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून त्या जागी भरायचा मजकूर वेगळा पाठवायला लागलात, पण फंक्शन तसंच राहिलं. आता बिलावर १/२\" येतं, आणि एडिट केलेल्या मालाचं १/२\\\" झालंय.

ते फंक्शन काढून टाका. त्याच्या जागी दुसरं लिहू नका.

बॅकस्लॅश लागतो तो कोडमध्ये हाताने लिहिलेल्या स्ट्रिंगला, म्हणजे अवतरणचिन्हांत ठेवलेल्या मजकुराला. तिथे स्ट्रिंग कुठे संपते हे " याच चिन्हावरून ठरतं, आणि आपली इंचाची खूणही तीच. बॅकस्लॅश सांगतो की पुढचं चिन्ह मजकुरातलं आहे. कोड वाचून झाला की त्याचं काम संपलं, मेमरीत १/२" एवढंच उरतं. फॉर्ममधून आलेला मजकूर कोड म्हणून वाचलाच जात नाही, मग त्याला बॅकस्लॅश कशाला? तुम्ही लावलात, डेटाबेसने तो इमानदारीने जपून ठेवला. एडिट करताना फंक्शनने जुना \ आणि " दोन्ही पुन्हा एस्केप केले, म्हणजे दोघांच्याही आधी बॅकस्लॅश लावला, म्हणून एकाचे तीन.

क्वेरीत मजकूर थेट जोडत होतात तेव्हाही हा उपाय कच्चाच होता. एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेरीच्या भाषेच्या, मानकात एकेरी अवतरण दुहेरी करतात: डि'सूझा चं डि''सूझा. मायएसक्यूएल हा डेटाबेस बॅकस्लॅशही मानतो, पण पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ९.१ पासून साध्या स्ट्रिंगमधला बॅकस्लॅश हे नुसतं एक अक्षर आहे. मजकूर वेगळा पाठवला की ही भानगडच राहत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: एसक्यूएलचं लाइक वापरून शोधताना % आणि _ तरीही वाइल्डकार्डच (कुठल्याही अक्षराशी जुळणारी चिन्हं) राहतात, ते वेगळे एस्केप करावे लागतात.

साठवताना मजकूर जसाच्या तसा ठेवा. एस्केप करायचं ते बाहेर पडताना, जिथे जातोय तिथल्या नियमाने. जेसनमध्ये तो "१/२\" एल्बो" होतो, सीएसव्हीत "१/२"" एल्बो". एचटीएमएलमध्ये & < > " बदलतात, त्यातही & सगळ्यात आधी, नाहीतर नुकत्याच तयार केलेल्या कोडमधला & परत बदलला जातो. तिन्ही ठिकाणी भाषेबरोबर येणारी लायब्ररी वापरा. रिप्लेसच्या ओळी हाताने रचत बसाल तर दिवाळीच्या सीझनला काका फोन करतील.

राहिला जुना डेटा. आधी बॅकअप घ्या. मालाच्या नावात खरा बॅकस्लॅश येत नाही, त्यामुळे त्या कॉलममधले सगळे बॅकस्लॅश एका अपडेटमध्ये उडवता येतील. शेरा किंवा फोटोच्या कॉलमला हीच क्वेरी लावू नका. तिथे विंडोजचे पाथ असतील तर तेही जातील.