दुरावलेल्या जोडीदाराने केलेली नासधूस : शिक्षा किती, भरपाई किती?

प्रश्न : यावल तालुक्यात वडिलांनी दिलेली दीड एकर जमीन माझ्या नावावर आहे आणि सातबाऱ्यावरही माझेच नाव आहे. पतीपासून मी दोन वर्षे विभक्त राहते. घटस्फोट झालेला नाही. गेल्या महिन्यात त्यांनी रात्री शेतात येऊन ठिबकच्या नळ्या कापल्या आणि निसवलेल्या केळीची बरीच खोडे तोडली. सालदाराने त्यांना प्रत्यक्ष पाहिले. ‘ठिबक माझ्या पैशाने घातले, मी माझीच वस्तू तोडली,’ असे ते आता सांगतात. त्यांना किती वर्षे शिक्षा होईल?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुमच्या पतींचा बचाव ऐकायला सोपा वाटला, तरी कायद्यात तो टिकणारा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये ‘आगळीक’ म्हणजे जाणूनबुजून मालमत्तेची नासधूस करून दुसऱ्याचे नुकसान करणे, या गुन्ह्याची व्याख्या आहे. आरोपीच्या स्वतःच्या किंवा त्याच्या व इतरांच्या सामाईक मालमत्तेवर केलेले कृत्यही आगळीक ठरू शकते, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. ठिबकचे बिल कोणाच्या नावाचे आहे, यापेक्षा त्या कृत्यातून तुमचे गैरवाजवी नुकसान करण्याचा उद्देश होता का, किंवा तसे होईल याची जाणीव होती का, हे न्यायालय पाहील. केळीची खोडे तर तुमच्याच शेतातली आहेत.

शिक्षेची कमाल मर्यादा नुकसानीच्या रकमेवर ठरते. नुकसान वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक, पण एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर कारावासाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत जाते. म्हणून पंचनाम्यातला आकडा हा या प्रकरणाचा कणा आहे. तोडलेल्या खोडांची संख्या, बागेचे वय, त्या दिवसांतला केळीचा भाव, नळ्यांची लांबी आणि दुरुस्तीचे बिल यांची नोंद झाली नसेल, तर ‘फार नुकसान झाले’ या वाक्याला न्यायालयात फारशी किंमत उरत नाही. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, छायाचित्रे आणि सालदाराचा जबाब आताच एकत्र करा.

आणखी एक कलम आपल्या भागात सहज विसरले जाते. शेतीला मिळणारे पाणी कमी होईल अशा प्रकारे केलेली आगळीक कलम ३२६ मध्ये स्वतंत्र गुन्हा असून तिलाही पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. ठिबक तोडल्याने बागेचे पाणी तुटले असेल, तर तक्रारीत ते स्पष्ट शब्दांत लिहावे.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही. त्याहून कडक शिक्षा योग्य वाटल्यास त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. शिवाय आरोपीचा हा पहिलाच गुन्हा असेल, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडण्याचा विचार न्यायालय करू शकते. त्यामुळे दोषी ठरूनही पती तुरुंगात गेले नाहीत, तर आश्चर्य मानू नका. पूर्वीही असे प्रकार झाले असतील, सोबत धमकी असेल किंवा मारहाणीची तयारी करून ते आले असतील, तर चित्र बदलते. म्हणून आधीच्या तक्रारींच्या प्रती जपून ठेवाव्यात.

माझ्या मते तुमचा भर भरपाईवर असावा. फौजदारी न्यायालय शिक्षेसोबत भरपाईचा आदेश देऊ शकते, पण त्यासाठी खटला संपण्याची वाट पाहावी लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० नुसार मालमत्तेच्या नासधुशीमुळे झालेले नुकसान पतीकडून मागता येते, आणि त्याच अर्जात कलम १८ खाली संरक्षण आदेशही मागता येतो. तो आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. पुढच्या हंगामात बाग सुरक्षित राहावी असे वाटत असेल, तर हा अर्ज आधी करा.

प्रश्न : माहेरी राहणाऱ्या माझ्या पत्नीने धुळ्यातील घरी येऊन टीव्ही आणि मोटारसायकलचा दिवा फोडला. नुकसान सुमारे पंधरा हजार रुपयांचे आहे. पोलिसांनी फक्त एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली. तिला शिक्षा होईल का?
— एक वाचक

उत्तर : आगळिकीचे कलम पती आणि पत्नी दोघांनाही सारखेच लागू आहे. मात्र वीस हजारांच्या आतील नुकसान हा अदखलपात्र गुन्हा असल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुम्हाला थेट त्यांच्याकडे खासगी तक्रार करावी लागेल. अशा गुन्ह्याची दखल न्यायालय साधारणपणे एका वर्षाच्या आतच घेऊ शकते, तेव्हा उशीर करू नका. कारावासाची मर्यादा जास्तीत जास्त एक वर्ष असली, तरी पहिल्याच वेळी थोडा दंड, समज किंवा बंधपत्र एवढ्यावर प्रकरण मिटण्याची शक्यता अधिक आहे. तक्रारीपूर्वी एक गोष्ट तपासा : टीव्ही लग्नात तिला मिळालेल्या वस्तूंपैकी असेल, तर ते तिचे स्त्रीधन ठरू शकते आणि त्याबाबतचा तुमचा दावा फारच कमकुवत होईल. तसे असल्यास तक्रार मोटारसायकलपुरती ठेवणे श्रेयस्कर.