स्कॅन नॉर्मल आला, तरी डोके का दुखते?

प्रश्न : माझे वय ४४ असून मी बँकेत नोकरी करते. चार महिन्यांपूर्वी पावसात कर्वे रस्त्यावर माझी स्कूटर घसरली. हेल्मेट असूनही डोके जोरात आपटले आणि काही क्षण मला काहीच सुचेना. त्याच दिवशी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सुरू झालेली डोकेदुखी अजून थांबलेली नाही. संगणकासमोर बसले की दुपारपर्यंत मान आखडते आणि उजेड नकोसा होतो. जवळजवळ रोज गोळी घ्यावी लागते. घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता मनातून काढून टाक.’ हे दुखणे खरेच मनाचे असेल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : नाही, आणि हे उत्तर घरच्यांनाही जरूर वाचायला द्या. सीटी स्कॅनमध्ये कवटीचे फ्रॅक्चर किंवा रक्तस्राव दिसतो. पण हादऱ्यामुळे मेंदूच्या पेशींच्या कामात झालेला बिघाड त्यात दिसत नाही. मार लागल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांनंतरही टिकलेली अशी डोकेदुखी वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे, आणि मार सौम्य होता म्हणून दुखणेही सौम्यच असेल, असे मुळीच नाही.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या रोजच्या गोळीची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि एकाहून अधिक औषधांचे मिश्रण असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर घेतली गेली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखत राहू शकते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचा. पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफिन किंवा दुसरे वेदनाशामक असेल, तर ती मिश्र गोळी होय. ही सवय मोडताना सुरुवातीचे काही दिवस दुखणे वाढते आणि बहुतेक जण तिथेच धीर सोडतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

मेंदूविकारतज्ज्ञ कदाचित रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतील. ते नैराश्यावरचे औषध आहे असे कोणी सांगितले, तर ‘म्हणजे मनाचेच निघाले’ असा अर्थ काढू नका. वेदनेसाठी ते त्याहून बऱ्याच कमी मात्रेत दिले जाते, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. आपटताना मानेलाही झटका बसलेला असतो, त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून मान तपासून घ्या आणि संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा. झोपेची वेळ सांभाळा, रोज थोडे चाला. अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने फायदा होत नाही.

उलट्या, वाढती ग्लानी, फिट, बोलण्यात गोंधळ, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. वयस्कर व्यक्तींत, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत, कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते, तेव्हा घरात असे कोणी पडले तर हे ध्यानात असू द्या.

तज्ज्ञांकडे जाताना अपघाताच्या दिवशीचे कागद न्या, आणि कोणत्या दिवशी किती दुखले, किती गोळ्या घेतल्या, याची महिनाभराची नोंदही सोबत असू द्या. चक्कर येत असेल तोवर स्कूटर चालवू नका, आणि त्या दिवशी आपटलेले हेल्मेट वरून धड दिसत असले तरी बदला.