यंत्र दंडाला, जीव टांगणीला

या वेळी पत्रांचा ढीग पडलाय आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत विषय एकच, घरातलं वयस्क माणूस आणि त्याच्या अंगाला कुणीतरी प्रेमाने लावून दिलेलं एखादं मशीन. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलात मशीन दुरुस्त करण्यात २२ वर्षं गेली माझी, त्यामुळे मशीन काय सांगतंय आणि काय सांगत नाहीये एवढंच मला कळतं, गोळी अर्धी करू का पाऊण हे मला विचारू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, मी ९ वर्षं न्यू जर्सीत आहे, आईबाबा सांगलीला. बाबा ७६ वर्षांचे, शुगर २० वर्षांपासून, रात्री इन्सुलिन आणि जेवणाआधी गोळ्या. उन्हाळ्यात त्यांना दंडावर चिकटवायचा तो गोल सेन्सर घेऊन दिला, आकडे माझ्या फोनवरही दिसतात. आता झालंय असं की इकडे संध्याकाळी साडेपाचला मी ऑफिसातून निघतो न निघतो तोच लो शुगरचा अलार्म, म्हणजे तिकडे पहाटेचे तीन. मी आईला फोन करतो, ती दचकून उठते, बाबांना उठवून साखरपाणी पाजते आणि सकाळी शुगर २४०. आठवड्यातून तीनदा तरी होतं हे. बाबा म्हणतात हे काढ नाहीतर दंडच कापून पाठवतो तुला. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सगळ्यात आधी आईंना विचारा की बाबा झोपतात कुठल्या कुशीवर. हसू नका, खरंच विचारा, कारण सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच दंडावर माणूस झोपला की तिथली जागा दाबली जाते, तिथला द्रव हलायचा थांबतो आणि मशीनला वाटतं शुगर पडली. ग्राफ बघा, असा खोटा लो एकदम कड्यावरून खाली पडल्यासारखा दिसतो आणि कूस बदलली की तसाच झर्रकन वर येतो. खरा लो बहुतेक वेळा हळूहळू उतरत येतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावून बघा, निम्मे अलार्म तिथेच बंद होतील असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे हा सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. तो कातडीखालच्या पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतो आणि रक्तात जे झालं ते तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं जातात. तुम्ही सांगलीकर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, कोयनेतून पाणी सोडलं म्हणून आयर्विन पुलाची पातळी काही त्याच क्षणी वाढत नाही ना, तसंच. आई साखरपाणी देतात, रक्तातली शुगर वर यायला लागलेली असते पण फोन अजून लोच दाखवतो, म्हणून त्या अजून एक ग्लास देतात आणि मग सकाळी २४०. आधी लो खोटा किंवा छोटासा, नंतरची हाय मात्र अगदी खरी.

पण म्हणून अलार्म कानाआड करा असं मी मुळीच म्हणत नाहीये. ७६ वय, रात्रीचं इन्सुलिन, त्यात गोळ्या, अशा माणसाची पहाटे शुगर खरोखर उतरू शकते आणि ते धोक्याचं असतं. तेव्हा साधा ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. अलार्म वाजला की आईंनी बाबांना हाक मारायची, नीट उत्तर दिलं, घाम नाही, बरळणं नाही, तर बोट टोचून बघायचं. मीटरवरही ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत टोचायचं. घाम फुटलाय, गोंधळल्यासारखं बोलतायत, तर मोजत बसू नका, आधी साखर द्या. पूर्ण शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

आता एक बारीक गोष्ट जी मेडिकलवाला सहसा सांगत नाही. बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं नाव आहे का बघा, आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. ही गोळी साखर पचायचा वेगच कमी करते, त्यामुळे अशा माणसाला लो झाल्यावर घरची साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. एक डबा आणून ठेवा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर लो होताना छातीत धडधड आणि हातांची थरथर नीट जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष.

मीटरवर दोनतीन रात्री खरंच कमी आली तर ग्राफ आणि मीटरचे आकडे घेऊन लगेच डॉक्टर गाठा, डोस तेच बदलतील. त्यांना हेही विचारा की बाबांसाठी शुगरचा पट्टा, म्हणजे आकडा कुठून कुठपर्यंत असावा तो, कुठला धरायचा. कारण बाकी तब्येत ठीक असलेल्या तरुण आणि मध्यमवयीन शुगरवाल्यांसाठी ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ असावा असं धरतात, पण वयस्क आणि नाजूक तब्येतीच्या माणसांना ५० टक्क्यांहून जास्त चालतो, फक्त ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत पाहिजे. म्हणजे त्यांच्या बाबतीत थोडी जास्त शुगर परवडली पण लो नको. तुम्ही बहुतेक स्वतःच्या वयाचा पट्टा त्यांना लावून बसलायत.

आणि फोनचं असं ठरवा. अलार्म झाला की आधी आई बघणार, ठीक असेल तर तुम्हाला मिस कॉल. दहा मिनिटांत मिस कॉल आला नाही तरच तुम्ही फोन करायचा. सेन्सर बाबांच्या दंडावर आहे, तेव्हा त्यातलं काहीतरी बाबांच्याही कामाचं निघू द्या की. एक दिवस भाकरी, एक दिवस तेवढाच भात, एक दिवस जेवून वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या, आणि दोन तासांनी रेष कुठे गेली ते त्यांना स्वतः बघू दे. ताट बदललं की रेष कशी बदलते, हे बघताना म्हातारी माणसं लहान मुलांसारखी रंगतात. दंड कापायची भाषा कमी होईल.

प्रश्न : मोबाईलवर जाहिरात येते, घड्याळ हातात घातलं की सुई न टोचता शुगर, बीपी, ऑक्सिजन सगळं दिसतं, किंमत २,४९९. काकांसाठी घेऊ का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नको. सुई न टोचता नुसत्या घड्याळाने किंवा अंगठीने शुगर मोजता येते असं एकही उपकरण आम्ही मंजूर केलेलं नाही, असं औषधं आणि उपकरणं तपासून मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर करून लोकांना सावध केलं होतं. घड्याळ सेन्सरचे आकडे नुसते दाखवत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सेन्सर अंगावर लागतोच. बीपीचं म्हणाल तर चांगल्या कंपन्यांची काही घड्याळं दाखवतात बीपी, पण सॅमसंगसारखी कंपनीसुद्धा सांगते की दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्या, म्हणजे मशीन घ्यावं लागणारच. त्या पैशात ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घ्या. आणि काकांना सांगा टोचायच्या आधी हात धुवा. माझ्या सासूबाईंची शुगर एकदा ३१२ आली, घरात रडारड व्हायची बाकी होती, मग लक्षात आलं की त्या आत्ताच आमरसाचे आंबे पिळून उठल्या होत्या. हात साबणाने धुऊन पुसून परत घेतली, १६८.

प्रश्न : घरात बीपीची दोन मशीनं आहेत, एक मनगटाचं एक दंडाचं, सासऱ्यांचं एकावर १५८ तर एकावर १३६. दवाखान्यात गेलं की १७०. शेजारच्या काकू म्हणतात पाऱ्याचंच खरं. कुणाचं खरं मानू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दंडाचं. मनगट हृदयाच्या पातळीला धरलं नाही तर आकडा भरकटतो, आणि सोफ्यावर रेलून टीव्ही बघत बघत कोण धरतं हो नीट. पण दंडाच्या मशीनचा पट्टा सासऱ्यांच्या दंडाला बसतो का ते बघा, जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की बीपी जास्त दाखवतं. पट्ट्यावर सेंटिमीटर छापलेले असतात, शिंप्याची टेप घेऊन दंड मोजा, दोन मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

मग पद्धत. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन यायला सांगा, पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे खरंच गप्प, गॅस सिलेंडर आला का ही चौकशी पण नाही. हात टेबलावर टेकलेला पाहिजे. २०२४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी मोजून दाखवलं की हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबत ठेवला तर साडेसहाने जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या, सकाळ संध्याकाळ, आठवडाभर, आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. घरी सरासरी १३५/८५ च्या पुढे असेल तर ते जास्त धरतात, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला आहे. पांढरा कोट बघून वाढणारं बीपी बऱ्याच जणांचं असतं, तेव्हा १७० ने घाबरू नका पण वही मात्र डॉक्टरांना दाखवा, नुसतं "घरी नॉर्मल असतं" म्हणू नका.

सासरे उठताना भेलकांडतात का? तसं असेल तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी घ्या, धरून उभं करून. वरचा आकडा २० ने पडला तर ते लगेच सांगायचं. नाडी अनियमित असेल तर मात्र ही मशीनं गडबडतात, तिथे डॉक्टरांच्या हातचंच बघावं लागतं.

प्रश्न : माझं आभा कार्ड काढलंय, तर ऑपरेशन फुकट होईल ना? (एक वाचक, बीड)

उत्तर : नाही हो. आभा हा १४ आकडी नंबर आहे, तुमचे रिपोर्ट एका जागी जोडण्यासाठी, त्यात पैसे नसतात. उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं. तुमचं वय ७० किंवा त्याच्या वर असेल तर उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मानचंच वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, ते काढून घ्या.

प्रश्न : आई ८१, रत्नागिरीजवळ एकटी राहते, ठाण्याला यायला तयार नाही. पडली तर आपोआप फोन करणारं घड्याळ भावाने पाठवलंय. ती घालतच नाही. काय करू?

उत्तर : आई कधी काढते ते विचारलंत का? माझा अंदाज सांगते, आंघोळीला, भाकऱ्या थापताना आणि बांगड्यांना लागतं म्हणून. म्हणजे पाय घसरायची मुख्य जागा जी न्हाणीघर, तिथेच ते अंगावर नसतं. पाणी चालणारं घड्याळ असेल तर ते त्यांना करून दाखवा, बादलीत बुडवून, सांगून विश्वास बसत नाही.

घड्याळ कसं चालतं तेही समजून घ्या. ॲपलचं घ्या उदाहरणाला, जोरात पडल्याचं त्याला कळलं आणि माणूस मिनिटभर हललंच नाही तर ते आपत्कालीन नंबरला फोन लावतं आणि घरच्यांना मेसेज. पण फोन जवळ पाहिजे किंवा घड्याळातच सिम पाहिजे, आणि रेंज पाहिजे. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरपण जातो हे तुम्हाला माहितीच आहे. शिवाय म्हातारं माणूस बरेचदा धाडकन पडत नाही, भिंतीला धरून घसरत खाली बसतं, ते घड्याळाला कळेलच असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक सुतार आणि एक इलेक्ट्रिशियन गाठा. न्हाणीघरात धरायला दांडा, परसाकडे जायच्या वाटेवर बॅटरीवर चालणारा दिवा, उंबऱ्याला पिवळा पट्टा. शेजारी जी कुणी रोज दूध द्यायला येते तिला सकाळचं एक काम, दार उघडलं का बघायचं, आणि तिच्याकडे किल्ली. घड्याळ त्याच्या जोडीला ठेवा. चार्जिंगला मात्र आई दुपारी पडतात तेव्हा लावायला सांगा, रात्री नाही, कारण रात्री उठतानाच ते हातात हवं.