स्ट्रेस टेस्ट नॉर्मल असूनही प्लाक का फुटला? कोलॅजन पावडर द्यावी का?

प्रश्न असा आहे: वडील ५८ वर्षांचे, रोज रंकाळ्याला फेरी, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आणि तीनच महिन्यांत अटॅक. डॉक्टर म्हणाले, ‘ब्लॉक ४० टक्केच होता, पण प्लाक फुटला.’ प्लाकवरची टोपी कोलॅजनची असते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आता घरात कोलॅजन पावडरचा डबा आलाय.

डबा राहू द्या. पावडर पोटात पचते, तिची अमिनो आम्लं आणि बारीक पेप्टाइडं होतात. ती नेमकी प्लाकवर जाऊन बसावीत अशी सोय शरीरात नाही. शिवाय तिथं कोलॅजनचा कच्चा माल कमी पडलेला नसतो. कोलॅजन खाणारे वाढलेले असतात आणि ते बांधणारे थकलेले.

प्लाक म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा मऊ गाभा आणि त्यावर कोलॅजनची टोपी. ही टोपी ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपेक्षा, पातळ झाली की धोका. गगनबावड्याकडं भाताच्या खाचराचा बांध वरून हिरवागार दिसतो, आतून खेकड्यांनी पोखरलेला असतो, तसंच.

इथले खेकडे म्हणजे चरबी खाऊन फुगलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरात सफाई करणाऱ्या पेशी. त्या एमएमपी नावाची, झिंकवर चालणारी एन्झाइमं सोडतात. कोलॅजन हा तीन धाग्यांचा घट्ट पीळ, सहजासहजी तुटत नाही. एमएमपी-१, ८ आणि १३ तो एका ठरावीक जागी कापतात: एक तुकडा पाऊण, एक पाव. कापलेला पीळ शरीराच्या उष्णतेनंच उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होतं (पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं, तेच हे). मग एमएमपी-२ आणि ९ त्याचा फडशा पाडतात. असलं पहिलं एन्झाइम १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या झडणाऱ्या शेपटीत सापडलं. जखम भरायलाही हीच एन्झाइमं लागतात, त्यामुळं त्यांना सरसकट खलनायक ठरवू नका.

दुसरीकडं टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्यानं धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींचं, म्हणजे बांधणाऱ्यांचं, नवं कोलॅजन बनवणं मंदावतं. टोपी बहुतेकदा कडेला, जिथं ती भिंतीला टेकते तिथं फाटते. गाभा रक्ताला लागतो आणि गुठळी होते.

स्ट्रेस टेस्ट पकडते ती रक्ताची अडवणूक, साधारण ७० टक्क्यांच्या पुढची. टोपीची जाडी तिला दिसत नाही. ती दिसते ओसीटीत (धमनीच्या आतून प्रकाशानं चित्र घेणारी तपासणी), पण त्यासाठी कॅथेटर धमनीत घालावा लागतो. ती नेहमीची तपासणी नव्हे.

मग एमएमपीच बंद का करू नये? हिरड्यांच्या आजारात डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा याच कामासाठी देतात. हृदयरुग्णांवरच्या छोट्या चाचणीत त्यानं सूज दाखवणारं सीआरपी उतरलं, अटॅक कमी झाल्याचं काही दिसलं नाही. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

काम करतं ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध. अटॅकनंतर सहसा अॅटोरवास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम देतात, लक्ष्य एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ mg/dL च्या खाली. ४ ते ६ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. आकडा उतरला नसेल तर एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एलडीएल उतरलं की मॅक्रोफेज शांत होतात आणि टोपी जाड होते, पण त्याला महिने लागतात. नेमकं इथंच घोटाळा होतो: रिपोर्ट चांगला आला म्हणून लोक गोळी बंद करतात, आणि आकडा तर गोळीमुळंच उतरलेला असतो. तंबाखू, मिश्री काही असेल तर ती मात्र आजच बंद करा. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत एक दिवसही खाडा नको.