आईचं घर आत्ताच भावाच्या नावावर करावं का?

तुम्ही विचारलंय की वडील गेले, आई ७६ वर्षांची, हल्ली विसरायला लागलीय, आणि तासगावचं घर व बाग बक्षीसपत्राने भावाच्या नावावर करून टाकावी का, म्हणजे पुढे भानगड नको. माझं स्पष्ट मत: नको.

आधी आईचं नेमकं किती आहे ते बघा. सगळं वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि त्यांचं मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. आई फक्त तिचाच वाटा देऊ शकते. वारस नोंदीचा फेरफार झालाय का, सातबाऱ्यावर तिन्ही नावं आहेत का, ते तलाठ्याकडे पाहून घ्या. त्याआधीच कुणी हक्कसोडपत्र पुढं केलं तर सही करू नका.

आईने मुलाला दिलेल्या बक्षीसपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, म्हणून लोक घाई करतात. पण एकदा दिलं की गेलं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आहे, घर घेणारा सांभाळत नसेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करून बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण सांभाळण्याची अट दस्तातच लिहिलेली नसेल तर वाद लांबतो. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, आणि आई हयात असेपर्यंत ते बदलता येतं. दोन साक्षीदार हवेत, वाटा मिळणारे नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुमच्या बाबतीत दुय्यम निबंधकांकडे कराच. त्याच सुमारास डॉक्टरांकडून ‘समजून-उमजून निर्णय घेऊ शकतात’ असं लेखी घ्या. विसराळूपणाचा उल्लेख पुढे कोर्टात कुणीही काढेल.

मुख्य अडचण मात्र मृत्यूनंतरची नाही, त्याआधीची आहे. बरेच जण मुख्त्यारपत्र (आईच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करून निश्चिंत होतात. आईची समज गेली की आपल्याकडे ते मुख्त्यारपत्रही संपतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. मग खात्यातले पैसे काढायचे तर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणून आत्ताच तिचं खातं आणि ठेवी तुमच्यापैकी एकाच्या जोडीने ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्या, म्हणजे खात्यातून, आणि मुदत संपल्यावर ठेवीतून, दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो. ठेव मुदतीआधी मोडायला मात्र दोघांच्या सह्या लागू शकतात. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड काढाच. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. रात्रंदिवस सांभाळणाऱ्या बाईचा पगार, डायपर, मिरजेला तपासणीला जायची गाडी, यातलं काही त्यात बसत नाही. तो खर्च कशातून करायचा, बागेच्या उत्पन्नातला आईचा हिस्सा तिच्याच खात्यात जमा होणार का, हे वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्या. आणि बसाल तेव्हा वहिनींना बाजूला ठेवू नका. बहुधा उठबस त्यांच्याच वाट्याला येणार, आणि त्यांना मोबदला द्यायचा असेल तर तो आकडाही त्याच वहीत येऊ दे.