सर्जनने एंडोस्कोपी शिकायची गरज आहे का?

पोटविकारतज्ज्ञ असताना सर्जनने एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून किंवा गुदद्वारातून आत घालून तपासायची, लवचिक दुर्बीण हाती का घ्यावी, असा प्रश्न आहे. माझं मत: घ्यायलाच हवी, आणि आपल्या कोकणात तर जास्तच.

माशाचा काटा रुतला की आपल्याकडे आधी कोरड्या भाताचे गोळे नाहीतर केळं गिळतात. (कृपा करून असं करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो.) अन्ननलिकेत अडकलेली टोकदार वस्तू काही तासांतच काढलेली बरी, २४ तासांच्या आत तर नक्कीच. मग मालवण-देवगडच्या माणसाने घाट चढून कोल्हापूर गाठायचं, गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात धावायचं, की जवळच्या सर्जननेच काटा काढायचा? अल्सरमधून रक्तस्राव होऊन रक्ताची उलटी होत असेल तर हे अंतर जिवावर बेततं. दुर्बिणीतूनच रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनलिन टोचून, क्लिप लावून बहुतेक वेळा रक्त थांबतं, पोट उघडावं लागत नाही.

ऑपरेशनमध्येही ती लागते. मोठ्या आतड्यातली छोटी गाठ लॅप्रोस्कोपीत (पोटाला छोटी छिद्रं पाडून केलेल्या ऑपरेशनमध्ये) आतड्याच्या बाहेरून दिसत नाही. आधी दुर्बिणीतून शाईची खूण केलेली असेल तर नेमका भाग काढता येतो. आतड्याचा जोड गळतोय का, हेही आतून हवा भरून तिथेच कळतं.

आणि हे सर्जनचं कामच नव्हे म्हणणाऱ्यांसाठी: दुर्बिणीच्या मदतीने पोटावरून थेट जठरात अन्न भरवायची नळी बसवायची पद्धत १९८० मध्ये मांडणारे गॉडरर आणि पॉन्स्की, दोघेही सर्जनच होते.

दुर्बिणीतून पित्तनलिकेतले खडे काढणं मात्र वेगळं कसब आहे. सराव नसेल तर त्यासाठी रुग्ण पुढे पाठवावा.